समोरच्याने हात सोडलाच नाही तर?

गतवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त, आपल्या शाळेच्या मैदानावर मुलींच्या स्वसंरक्षणाची प्रात्यक्षिके झाली. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकजण त्या दिवशी उपस्थित होते. पांढऱ्या गणवेशातील सातवी-आठवीच्या मुली रांगेने उभ्या राहिल्या, एका सुरात आरोळी देऊन त्यांनी ठोसे व लाथा यांचे प्रकार करून दाखविले, आणि शेवटी प्रशिक्षकांनी एका मुलीला पुढे बोलावून तिचे मनगट धरले. तिने हात फिरविला, एक पाऊल आत टाकले, आणि तो उंचापुरा मनुष्य क्षणात सतरंजीवर आडवा झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजविल्या.

कार्यक्रम संपल्यावर सतरंज्यांच्या घड्या घालताना आठवीतील एक मुलगी माझ्याजवळ रेंगाळली. म्हणाली, "बाई, सर आपणहून पडले. समोरच्याने हात सोडलाच नाही तर?"

मला उत्तर देता आले नाही. त्याच सकाळी दूरच्या खेड्यातून दोन एसट्या बदलून आलेली एक आई मला म्हणाली होती, "तुमच्याकडं पोरींना हे शिकवतात बाई, म्हणून रातच्याला झोप लागती." एकीकडे त्या आईची झोप आणि दुसरीकडे त्या मुलीची शंका. आपण शिकवितो ते प्रसंगी उपयोगी पडणार नसेल, तर आपण मुलींना निःशस्त्रच नव्हे, तर खोट्या भरवशावर बाहेर पाठवीत आहोत, असा त्याचा अर्थ होतो. मी इतिहासाची शिक्षिका. लाथ किंवा ठोसा यांतले मला काही कळत नाही. परंतु एखादी गोष्ट जुनी आहे, थोर गुरूने सांगितली आहे किंवा चारचौघे मानतात, एवढ्यावरून ती खरी धरू नये, हे मी वर्गात गेली अठ्ठावीस वर्षे सांगत आले आहे. मैदानावर निराळा नियम लावण्याचे कारण मला दिसेना. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत या विषयाचे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

आरंभी एका लाडक्या कथेचा निरोप घेणे भाग आहे. भारतातून चीनमध्ये गेलेल्या बोधिधर्माने शाओलिन विहारातील भिक्खूंना युद्धकला शिकविली आणि तेथून ती सर्व पूर्व आशियात पसरली, ही कथा आपल्या समाजात अभिमानाने सांगितली जाते. मीही ती एकेकाळी सांगितली आहे. परंतु बोधिधर्माचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा, आणि शाओलिनच्या व्यायामपद्धतीशी त्याचे नाव जोडणारा सर्वांत जुना ग्रंथ ‘यीजिन जिंग’ हा १६२४ सालचा. मध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. तांग हाओ या चिनी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ही कथा निराधार असल्याचे दाखवून दिले. शाओलिनचे भिक्खू लढत असत याला मात्र सबळ पुरावा आहे. ६२१ साली त्यांनी तांग घराण्यातील ली शिमिन याला युद्धात साहाय्य केल्याची नोंद ७२८ सालच्या शिलालेखात आहे. सांगायचे ते एवढेच, की या क्षेत्रात आख्यायिका फार आहेत आणि त्या श्रद्धाळू शिष्यांनीच रचलेल्या आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जपानच्या इतिहासात हा प्रश्न फार स्पष्टपणे विचारला गेला आणि त्याचे उत्तरही तेथेच शोधले गेले, म्हणून आपण जपानमध्ये जाऊ.

तोकुगावा राजवटीच्या काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ पर्यंत, जपानमध्ये बहुतांशी शांतता होती. सामुराई वर्ग शस्त्रे बाळगून होता, पण रणांगण उरले नव्हते. युद्धविद्या दोजोमध्ये, म्हणजे आपण ज्याला तालीम म्हणू तेथे, शिकविली जाऊ लागली. शिकविण्याची पद्धत ‘काता’ची होती. दोन जोडीदारांपैकी एकाने ठरलेला हल्ला करायचा, दुसऱ्याने ठरलेले उत्तर द्यायचे, आणि पहिल्याने ठरल्याप्रमाणे हरायचे. या पद्धतीला हसण्याचे कारण नाही. धारदार तलवार किंवा सांधा निखळविणारा पेच यांचा मोकळेपणाने प्रयोग करू गेले तर रोज एखादा शिष्य गमवावा लागेल. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान जसेच्या तसे पुढे देण्याचे साधन म्हणून काताचे मोल मोठे आहे. परंतु प्रत्यक्ष लढाईची कसोटी नाहीशी झाली की हालचाली अधिकाधिक सुंदर आणि कमी कमी उपयोगी होत जातात. त्या काळच्या जपानी लोकांनीच अशा तलवारबाजीला ‘फुलांची तलवारबाजी’ असे कुत्सित नाव दिले होते. अठराव्या शतकात काही तलवारगुरूंनी बांबूची तलवार आणि अंगावर घालावयाचे चिलखत वापरून पूर्ण जोराने मुक्त झुंजी खेळविण्यास सुरुवात केली. जुन्या घराण्यांनी नाके मुरडली. वाद शंभर वर्षे चालला. आजचा केंदो हा खेळ त्या सुधारकांचा वारसा आहे.

निःशस्त्र झुंजीच्या बाबतीत हेच काम ज्या माणसाने केले तो एक शिक्षक होता, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालचा. शरीराने ते अगदी लहानखुरे होते; निवासी शाळेत दांडगी मुले त्यांना छळीत, म्हणून त्यांनी जुजुत्सु शिकण्याचा ध्यास घेतला. मेइजी क्रांतीनंतरच्या त्या दिवसांत जुनी विद्या मागासलेपणाचे लक्षण समजली जात होती आणि गुरू शोधून सापडत नव्हते. कानोंना ते सापडले, आणि दोन वेगवेगळ्या घराण्यांची विद्या त्यांनी आत्मसात केली. विद्यार्थिदशेतील त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. दोजोमध्ये एक धिप्पाड सहाध्यायी होता. कानोंना तो काही केल्या आटोपेना. शिकविलेले सर्व पेच निष्फळ ठरले. तेव्हा हा विद्यापीठाचा विद्यार्थी ग्रंथालयात गेला, पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके त्याने चाळली, आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर आडवे घेऊन फेकण्याचा एक डाव त्यातून शोधून काढला. पुढल्या खेपेस तो धिप्पाड गडी जमिनीवर होता. गुरूने न शिकविलेले, परक्या देशातले, पण कामाला येणारे, असे ते ज्ञान त्यांनी निःसंकोच घेतले. समोरचा माणूस खरोखर विरोध करीत होता, म्हणूनच ते घेण्याची गरज त्यांना भासली. तो आज्ञाधारकपणे पडत राहिला असता तर कानो ग्रंथालयाची पायरी चढले नसते.

१८८२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, कानोंनी तोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा तातामी चटयांएवढ्या जागेत आपला दोजो सुरू केला. पहिले विद्यार्थी मोजून नऊ होते. त्यांनी आपल्या पद्धतीला ‘जुदो’ म्हटले, आणि दोजोला ‘कोदोकान’. त्यांची खरी सुधारणा वरवर पाहता उलटी वाटते. जुजुत्सुमधील जे प्रकार घातक होते, म्हणजे वर्मी आघात, बोटे व मनगटे पिळणे, मान मुरगळणे, ते त्यांनी मुक्त सरावातून काढून टाकले आणि केवळ कातामध्ये ठेवले. उरलेले प्रकार, म्हणजे फेकणे, दाबून धरणे, कोपराचा पेच आणि गळ्याची पकड, हे पूर्ण जोर लावून, समोरच्याच्या इच्छेविरुद्ध, रोज करता येण्याजोगे होते. या मुक्त सरावाला ‘रांदोरी’ म्हणतात. आधी प्रत्येकाने सुरक्षितपणे पडायला शिकायचे, हरलो असे वाटताच हाताने थोपटायचे, आणि थोपटताक्षणी जोडीदाराने सोडायचे, एवढ्या शिस्तीवर हा सराव उभा राहिला.

आता गंमत पाहा. घातक डाव ज्याने हजार वेळा केवळ हवेत किंवा आज्ञाधारक जोडीदारावर केला, तो एका बाजूला. सौम्य डाव ज्याने हजार वेळा, तो हाणून पाडू पाहणाऱ्या माणसावर केला, तो दुसऱ्या बाजूला. प्रत्यक्ष झुंजीत दुसरा वरचढ ठरतो. १८८० च्या दशकात तोकियोच्या पोलीस खात्याने भरविलेल्या सामन्यांमध्ये कोदोकानच्या तरुणांनी जुन्या जुजुत्सु घराण्यांच्या मल्लांना मागे टाकले, असे सांगितले जाते. ही हकिगत प्रामुख्याने विजेत्यांच्या बाजूकडून आपल्यापर्यंत आली आहे, हे इतिहासाचा अभ्यासक म्हणून नोंदविले पाहिजे. परंतु पोलिसांनी त्यानंतर जुदोचे शिक्षक नेमले, ही गोष्ट बोलकी आहे. कानो पुढे तोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रदीर्घ काळ प्राचार्य होते आणि १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले.

ऐकिदोची कथा याच्या जवळपासच घडते. मोरिहेइ उएशिबा (१८८३-१९६९) हे तिचे प्रवर्तक. १९१५ साली होक्काइदो बेटावर त्यांची सोकाकु ताकेदा या कडक गुरूशी गाठ पडली आणि दाइतो-र्‍यू या जुजुत्सुच्या शाखेत ते पारंगत झाले. पुढे ओमोतो या नव्या धर्मपंथाच्या प्रभावाने त्यांची विद्या आध्यात्मिक वळणावर गेली. प्रतिस्पर्ध्याला जिंकायचे नाही, त्याच्या हल्ल्याशी एकरूप होऊन त्याची शक्ती वळवायची, हे तिचे सूत्र. ‘ऐकिदो’ हे नाव १९४२ पासून रूढ झाले. उएशिबा यांच्या ठायी विलक्षण कौशल्य होते, याविषयी साक्षी आहेत. १९३० साली खुद्द कानो त्यांचे प्रात्यक्षिक पाहून इतके प्रभावित झाले की त्यांनी आपले निवडक शिष्य उएशिबांकडे शिकण्यास पाठविले. तेनर्‍यू या नामांकित सुमो मल्लानेही, आपण उएशिबांना हलवू शकलो नाही, असे पुढे सांगितले आहे.

मग आजच्या ऐकिदोविषयी शंका का घेतली जाते? मला वाटते, याचे उत्तर गुरूपेक्षा शिष्यांच्या पूर्वतयारीत आहे. युद्धापूर्वी उएशिबांकडे येणारे शिष्य बहुधा आधीच जुदो किंवा केंदोमध्ये मुरलेले असत. विरोध करणाऱ्या माणसाला सामोरे जाण्याची सवय ते घरूनच घेऊन येत. उएशिबा त्यावर आपला संस्कार करीत. युद्धानंतर ऐकिदो जगभर पसरला तेव्हा ज्यांनी आयुष्यात कधी झुंज खेळली नाही, अशी माणसे त्यात आली. पाया कोणी घातलाच नाही आणि कळस तेवढा हाती आला. कानोंनी पाठविलेल्या शिष्यांपैकी मिनोरु मोचिझुकी १९५१ मध्ये फ्रान्सला गेले. तेथे कुस्तीगिरांशी गाठ पडल्यावर केवळ ऐकिदो पुरे पडत नाही, जुदोचाही आधार घ्यावा लागतो, असा त्यांना अनुभव आला. परत आल्यावर त्यांनी तो प्रांजळपणे गुरूंना सांगितला. गुरूंना तो रुचला नाही.

ऐकिदोच्या नेहमीच्या सरावात हल्ला करणाऱ्यास ‘उके’ म्हणतात. उके मनगट धरतो किंवा सरळ रेषेत हात उगारून येतो, आणि डाव लागू होताच देखण्या कोलांटीने पडतो. मनगटावर एवढा भर का, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर तलवारीत आहे. कमरेला तलवार असलेल्या माणसाला ती उपसू द्यायची नसेल तर त्याचे मनगटच धरावे लागते, आणि ते सोडविणे ही त्याच्या जिवाची गरज ठरते. म्हणजे हे डाव कोण्या एका काळी खऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर होते. आज मात्र हल्ला करणारा ठोसा मारतो, तो हात आला तितक्याच वेगाने मागे घेतो, आणि लगोलग दुसरा मारतो. हवेतून तो हात टिपून मनगट पिळणे जवळजवळ अशक्य असते. मनगट धरलेच, तरी तो शांत उभा राहत नाही; तो ओढतो, हिसडे देतो, दुसऱ्या हाताने मारतो. शिवाय भीतीने ज्याचे हात थरथरत आहेत, त्याला बोटांच्या बारीक हालचाली साधत नाहीत.

कुस्तीच्या भाषेत आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: नुरा कुस्ती. निकाल आधी ठरलेला, पण पाहणाऱ्यांना लढत वाटते. फरक इतकाच, की नुरा कुस्तीतल्या दोन्ही मल्लांना खरे काय ते ठाऊक असते. दोजोमध्ये मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने गुरू आणि शिष्य या दोघांचाही आपण खरेच लढत आहोत असा समज होऊ शकतो. जपानमधील एका वयोवृद्ध गुरूंचे शिष्य त्यांच्या नुसत्या हातवाऱ्यासरशी, स्पर्शावाचून, धडाधड पडत असत. २००६ साली या गुरूंनी पैज लावून एका व्यावसायिक लढवय्याला जाहीर आव्हान दिले. तो पडला नाही. त्याचे ठोसे लागताच गुरूंचा चेहरा रक्ताळला आणि लढत थांबवावी लागली. त्याचे चित्रीकरण पाहताना मला राग आला नाही, वाईट वाटले. ते गृहस्थ लबाड असते तर आव्हान देतेच ना! त्यांचा स्वतःवर विश्वास होता, आणि तो विश्वास त्यांच्या आदरशील शिष्यांनी प्रत्येक पडण्यागणिक वाढविला होता. गुरूला खोटे पाडायचे नाही, हा संस्कार किती महागात पडू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनात नाही. २०१७ मध्ये चीनमधील चेंगदू येथे मुक्त झुंजीचा प्रशिक्षक शू श्याओदोंग याने वेइ लेइ या ताइ-ची गुरूला काही सेकंदांतच लोळविले, तेव्हा चिनी समाजात मोठी खळबळ माजली. पराभूताची चिकित्सा होण्याऐवजी, राष्ट्रीय परंपरेचा अपमान केला म्हणून शू याच्यावरच टीकेचा भडिमार झाला. परंपरेला प्रश्न विचारणाऱ्याचे काय होते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

अशा कसोट्यांत सर्वाधिक गाजली ती १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेली स्पर्धा. मुष्टियोद्धा, सुमो मल्ल, कराटेपटू असे निरनिराळ्या पद्धतींचे आठ लढवय्ये जवळजवळ नियमांशिवाय लढले. चावायचे नाही आणि डोळ्यांत बोटे घालायची नाहीत, एवढीच काय ती मुख्य बंधने. जिंकला तो सुमारे ८० किलो वजनाचा, दिसायला साधा असा रॉइस ग्रेसी हा ब्राझिलियन तरुण. त्याच्या घराण्याची विद्या ही कानोंचे शिष्य मित्सुयो माएदा यांनी ब्राझीलमध्ये नेलेल्या जुदोपासूनच वाढली होती. स्पर्धेच्या आयोजकांत ग्रेसी कुटुंबातील व्यक्ती होती, हे लक्षात ठेवावे. तरीही त्यानंतरच्या तीन दशकांत झालेल्या असंख्य मुक्त लढतींनी एक गोष्ट ठरवून टाकली आहे. कुस्ती, जुदो, मुष्टियुद्ध, थायलंडचे मुए थाय, ब्राझिलियन जुजुत्सु, अशा ज्या पद्धतींत रोजचा सराव विरोध करणाऱ्या जोडीदाराशी होतो, त्या टिकल्या. नुसत्या ठरलेल्या हालचालींवर विसंबणाऱ्या टिकल्या नाहीत.

म्हणजे दोष ‘पारंपरिक’ असण्यात नाही. आपली मातीतली कुस्ती कुठल्याही जपानी विद्येइतकीच पारंपरिक आहे, पण तालमीच्या हौद्यात रोज खरी लढत होते. खडाखडीपासून चितपट होईपर्यंत समोरचा गडी एक बोटभर जागा फुकट देत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला मॅटवर उतरले आणि कांस्यपदक घेऊन परतले, त्यामागे ही सवय होती. उलट एखादी पद्धत कालपरवा निघाली असली, तिच्या जाहिरातीत कमांडोंची छायाचित्रे असली, तरी सराव लुटुपुटीचा असेल तर तिचे फळही लुटुपुटीचेच. ऐकिदोच्या आतही हा विचार झाला आहे. कानो आणि उएशिबा या दोघांचेही शिष्य असलेले केन्जी तोमिकी (१९००-१९७९) यांनी वासेदा विद्यापीठात ऐकिदोची रांदोरी बसविली. एकाने मऊ सुरी घेऊन मनाला येईल तसा हल्ला करायचा, दुसऱ्याने तो परतवायचा. स्पर्धेची कल्पनाच उएशिबांना अमान्य होती, त्यामुळे तोमिकींना मुख्य प्रवाहापासून दूर व्हावे लागले. त्यांच्या सरावात असे आढळते की ऐकिदोच्या शेकडो डावांपैकी थोडेच, आणि तेही बऱ्याच साध्या रूपात, प्रत्यक्षात साधतात. पण ते साधतात.

"आमचे डाव इतके घातक आहेत की ते स्पर्धेत वापरताच येत नाहीत," असे जुन्या पद्धतींचे अभिमानी म्हणतात. हा युक्तिवाद मला पटत नाही. जे कधी तपासलेच नाही ते घातक आहे हे कळले कसे? त्यांचे दुसरे म्हणणे मात्र मी मान्य करते. आखाडा म्हणजे रस्ता नव्हे. आखाड्यात वजनगट असतात, पंच असतो, शत्रू एकच असतो आणि त्याच्या हाती सुरा नसतो. वजनाचेच पाहा. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ हे जुदोचे ब्रीद. पण १९६४ च्या तोकियो ऑलिंपिकमध्ये, जेथे वजनाचे बंधन नव्हते त्या गटात, जवळजवळ दोन मीटर उंचीच्या डच अंतोन खेसिंक याने जपानच्या कामिनागाला जपान्यांच्या डोळ्यांदेखत दाबून धरले. दोघेही निष्णात असतील तर जड माणूस भारी पडतो. आठवीतल्या पस्तीस किलोच्या मुलीला हे कोणीतरी सांगितले पाहिजे. आणि ऐकिदोचा उपयोगच नाही, असेही मी म्हणणार नाही. न दुखावता पडण्याची कला उतारवयात हाडे वाचविते, अंतर राखण्याची नजर येते, चित्त स्थिर राहते. तोकियोच्या पोलिसांना ऐकिदोच्या एका शाखेचे प्रशिक्षण दिले जाते. दोघातिघांनी मिळून एकाचा हात काबूत आणायचा असतो तेव्हा ते पेच कामी येतात. ज्याने त्याने आपण काय शिकतो आहोत ते ओळखावे, म्हणजे झाले.

पालकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग पुढेच आहे. आपल्या मनातला हल्लेखोर अंधाऱ्या गल्लीत दबा धरून बसलेला अनोळखी माणूस असतो. आपल्या देशाच्या गुन्हेनोंदी वर्षानुवर्षे वेगळेच सांगतात: बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मित्र, नोकरीवरचा माणूस. तेथे पहिला अडथळा हात सोडविण्याचा नसून ‘काका’ म्हणतो त्या माणसावर ओरडण्याचा असतो. कॅनडातील शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींवर केलेला एक काटेकोर अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना बारा तासांचे प्रशिक्षण दिले, निम्म्यांना केवळ माहितीपत्रके. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के आढळले. त्या बारा तासांत शारीरिक प्रतिकार हा केवळ एक भाग होता. उरलेल्या वेळात धोका वेळीच ओळखणे, ओळखीच्या माणसालाही ठामपणे नकार देणे आणि भीड बाजूला सारून आरडाओरडा करणे यांचा सराव होता. गुन्हा घडला तर दोष गुन्हेगाराचाच, मुलीचा कधीच नाही, हे त्या प्रशिक्षणात आवर्जून सांगितले जाते. आपणही सांगितले पाहिजे.

निवासी शाळेत मुलींना खरी झुंज शिकविणे आपल्या देशात नवे नाही. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ साली कोदोकानचे शिंझो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात आणून जुदोचे वर्ग सुरू केले, आणि त्यांत मुलीही होत्या. अमर्त्य सेन यांच्या मातोश्री अमिता सेन यांनी शांतिनिकेतनात ही विद्या शिकून घेतली होती. त्या काळी मुलीने चटईवर लोळण घ्यायची, म्हणजे घरच्यांनी काय काय ऐकून घेतले असेल, याची कल्पना करता येते.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी प्रशिक्षकांना भेटले. त्या मुलीचा प्रश्न त्यांना जसाच्या तसा सांगितला. ते रागावतील असे वाटले होते. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "मॅडम, आम्हालाही असंच शिकवलं गेलं." त्यांचा हा प्रांजळपणा मला मोठा वाटला. तेव्हापासून शनिवारच्या वर्गातील शेवटची वीस मिनिटे वेगळी ठेवली आहेत. सारख्या वजनाच्या मुलींच्या जोड्या लावतात, खाली गाद्या असतात, थोपटले की सोडायचे हा नियम कडक आहे. धरणारीने सोडायचे नाही, हा दुसरा नियम. पहिल्या शनिवारी जवळजवळ कोणालाच हात सोडविता आला नाही. दोघी रडल्या. एकीच्या आईचा फोन आला, की पोरीच्या मनगटावर वळ आहेत, मी कारण समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या मग."

हळूहळू प्रात्यक्षिकातले नाजूक वळसे गळून पडले. जे उरले ते अगदी साधे आहे. पकडीत अंगठ्याची बाजू कच्ची असते, त्या दिशेला एकट्या हाताने नव्हे तर सगळ्या अंगाचा भार टाकून हिसडा द्यायचा, त्याच क्षणी बेंबीच्या देठापासून ओरडायचे, आणि सुटताच मागे न बघता पळायचे. प्रत्येक वेळी साधत नाही. दांडगी मुलगी असेल तर पाचातून दोनदा साधते. तो आकडाही मुलींना माहीत आहे, कारण आम्ही फळ्यावर लिहितो.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता नववीत आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या शनिवारी मी वऱ्हांड्यात वह्या तपासत बसले होते, तेव्हा तिचा आवाज ऐकून मान वर केली. तिने हात सोडविला होता आणि ती मैदानाच्या टोकापर्यंत धावत गेली होती. धापा टाकीत परत आली, जोडीदारिणीसमोर मनगट पुढे केले आणि म्हणाली, "आता दोन्ही हातांनी धर."